आकाशमार्गाचा विश्वस्त : जे. आर. डी. टाटा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक इंजिनाचे एक छोटेसे पस मॉथ विमान आकाशात झेपावले. त्यात प्रवासी कोणीच नव्हता. इंग्लंडहून कराचीपर्यंत आलेल्या टपालाच्या थैल्या आणि विमान चालविणारा अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण, एवढाच त्याचा भार. विमानात रेडिओ नव्हता. खालच्या नद्या, लोहमार्ग आणि किनारपट्टी पाहत दिशा ठरवायची, अशी त्या काळची रीत होती. वाटेत अहमदाबादेस इंधनासाठी थांबावे लागले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले. दुपारी ते विमान मुंबईच्या जुहू येथील मैदानावर उतरले आणि भारतीय नागरी विमान वाहतुकीचा खऱ्या अर्थाने आरंभ झाला. तो तरुण म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, अर्थात सर्वांना परिचित असलेले जे. आर. डी.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. पिता रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटा यांच्या नात्यातील व उद्योगातील सहकारी. माता सुझान या फ्रेंच. कुटुंबाचे उन्हाळी वास्तव्य फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्दलो या गावी असे. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घरही तेथेच होते. त्या वाळूच्या किनाऱ्यावर विमाने उतरताना लहानग्या जहांगीराने पाहिली आणि पंधराव्या वर्षी तेथेच त्याला प्रथम विमानात बसावयास मिळाले. त्या काही मिनिटांच्या फेरीने त्याच्या आयुष्याची दिशा ठरली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकण्याची इच्छा मात्र अपुरी राहिली. वडिलांच्या आज्ञेनुसार १९२५ साली ते टाटा समूहात बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी पितृछत्र हरपले.

१० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेला तो पहिला परवाना असल्याने त्यावर क्रमांक १ होता. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांदरम्यान एकट्याने विमान चालविणाऱ्या भारतीयासाठी पारितोषिक जाहीर केले. जे. आर. डी. कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनियर हा कोवळ्या वयाचा स्पर्धक इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. पारितोषिक अस्पीने जिंकले. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. स्पर्धा हरून जोडलेला असा स्नेह विरळाच.

विमान कंपनीची मूळ कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिकाची. कराचीपर्यंत येणारे विलायती टपाल पुढे मुंबई व मद्रासपर्यंत विमानाने न्यावे, अशी योजना घेऊन तो टाटांकडे आला. सर दोराबजी टाटा यांचे मन वळविण्याचे काम जॉन पीटरसन यांनी केले आणि दोन लाख रुपयांच्या भांडवलावर हा उद्योग उभा राहिला. पहिल्या वर्षाचा हिशेब वाचण्याजोगा आहे. विमानांनी १,६०,००० मैलांचे उड्डाण केले, पावणेदहा टनांच्या आसपास टपाल वाहिले, १५५ प्रवासी नेले आणि साठ हजार रुपये नफा मिळविला. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा सारा पसारा पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलविला जात असे. तरीही टपाल वेळेवर पोहोचे.

या १५५ प्रवाशांकडे थोडे लक्ष दिले पाहिजे. ते गणतीने नगण्य होते. कंपनीचे पोट टपालावर चालत असे. वैमानिकामागे जी जागा उरेल तेथे, प्रसंगी टपालाच्या थैल्यांवरच, त्यांना बसावे लागे. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, हवा खवळली की पोटातले ढवळून निघे. तरीही ही माणसे विमानात बसली, कारण ज्या मार्गावर आगगाडीला दिवस लागत, तेथे विमानास काही तास पुरत. एक अपरिचित यंत्र आणि त्याहून अपरिचित वैमानिक यांच्या हाती त्यांनी आपला जीव सोपविला होता. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्यास आपण विश्वस्त म्हणतो. जे. आर. डीं.नी विमान कंपनीचे काम याच भावनेने केले, असे त्यांचे चरित्र पाहताना पदोपदी जाणवते.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, टाटा सन्सचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पोलाद, वीज, रसायने, वस्त्र अशा अनेक उद्योगांची धुरा खांद्यावर असताना त्यांचे मन मात्र विमानात गुंतलेले राही. दुसऱ्या महायुद्धानंतर, २९ जुलै १९४६ रोजी, टाटा एअरलाइन्सचे सार्वजनिक कंपनीत रूपांतर होऊन तिला एअर इंडिया हे नाव मिळाले. ताफ्यात डग्लस डकोटा विमाने आली, पाठोपाठ व्हायकर्स व्हायकिंग आली. आता प्रवासी थैल्यांवरून उठून खुर्चीवर बसला. याच वर्षी कंपनीचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांच्या कल्पनेतून झुबकेदार मिशांचा, नम्रपणे वाकलेला महाराजा जन्मास आला. तो प्रथम निव्वळ एका टिपणवहीवरचे चित्र होता, हे आज सांगूनही खरे वाटत नाही.

युद्ध संपल्यावर डकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि गल्लोगल्ली दुकान निघावे तशा विमान कंपन्या निघाल्या. सरकारने परवाने सढळ हाताने दिले. एवढ्या कंपन्यांना पुरेल इतके प्रवासी देशात नाहीत आणि सर्वच तोट्यात जातील, असा इशारा जे. आर. डी. देत राहिले. विमान विकत घेणे सोपे, ते नीट राखणे कठीण, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांचे भाकीत दुर्दैवाने खरे ठरले.

तथापि त्यांची दृष्टी समुद्रापलीकडे लागली होती. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन महिने होतात न होतात तोच त्यांनी सरकारपुढे परदेशी विमानसेवेची योजना मांडली. सरकारचे भांडवल ४९ टक्के, टाटांचे २५ टक्के, उरलेले जनतेचे. फाळणीच्या धामधुमीतही सरकारने ती अल्पावधीत मान्य केली. ८ मार्च १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलची स्थापना झाली. तिच्यासाठी लॉकहीड कंपनीची कॉन्स्टेलेशन जातीची तीन नवी विमाने घेण्यात आली. त्यांची नावे ‘मलबार प्रिन्सेस’, ‘राजपूत प्रिन्सेस’ आणि ‘मुघल प्रिन्सेस’.

८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हा मार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्यात ३५ प्रवासी होते. स्वतः जे. आर. डी. त्यांच्यात होते. या नव्या विमानाचा गुण कोणता, तर आतील हवेचा दाब कायम राखण्याची सोय. डकोटाला ढगांमधूनच वाट काढावी लागे. कॉन्स्टेलेशन त्यांच्या बऱ्याच वरून जाई. त्यामुळे कानठळ्या, मळमळ, हादरे हे सारे पुष्कळ कमी झाले. आगबोटीला मुंबईहून इंग्लंड गाठण्यास दोन-तीन आठवडे लागत, ते अंतर आता साधारण एका दिवसात कापले जाऊ लागले. त्या प्रवासात जे. आर. डी. खिडकीबाहेर कमी आणि सहप्रवाशांच्या चेहऱ्यांकडे अधिक पाहत होते. कोणास झोप लागली, कोण अस्वस्थ आहे, जेवण कोणास रुचले, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. प्रवासी प्रसन्न दिसले तेव्हाच त्यांचा जीव भांड्यात पडला. कैरो, जिनिव्हा आणि लंडनच्या विमानतळांवर परकीय विमानांच्या रांगेत अंगावर तिरंगा रंगविलेले आपले विमान उभे राहिलेले पाहून त्यांचे मन भरून आले होते.

पण नियतीने या आनंदास लवकरच गालबोट लावले. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे जाताना आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी, सर्वच्या सर्व ४८ जण प्राणास मुकले. ज्या विमानाने भारताचे नाव प्रथम युरोपात नेले, तेच असे बर्फात विखुरले. सेवा मात्र थांबली नाही आणि प्रवाशांनीही पाठ फिरविली नाही.

१९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. जे. आर. डीं.चा त्यास विरोध होता आणि तो त्यांनी लपविला नाही. निर्णय पुरेशी चर्चा न करता घेतला गेला, याचे त्यांना दुःख होते. एअर इंडियासह देशांतर्गत आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. तिच्या वाट्यास ९९ विमाने आली, त्यांतील ७४ डकोटा होती. यावरून त्या ताफ्याचे वय ध्यानात यावे. परदेशी सेवा एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिली. आपली कंपनी हातातून गेलेली असताना तिचेच अध्यक्षपद सरकारने देऊ केले, तेव्हा दुसरा कोणी मानापमानाचा विचार करून दूर झाला असता. जे. आर. डीं.नी ते विनावेतन स्वीकारले आणि पुढे पंचवीस वर्षे सांभाळले. मालकी गेली, विश्वस्तपण उरले. नव्हे, खरे विश्वस्तपण तेथूनच सुरू झाले असे म्हणणे अधिक योग्य.

त्यांच्या देखरेखीची तऱ्हा न्यारी होती. एअर इंडियाच्या विमानातून प्रवास केला की उतरल्यावर त्यांचे टिपण व्यवस्थापनाकडे रवाना होई. चहा आणि कॉफी यांच्या रंगात फरक का दिसत नाही, खुर्चीची पाठ पुरेशी मागे का जात नाही, पडद्यांचा रंग मळखाऊ का, अशा बारीकसारीक गोष्टींची त्यात नोंद असे. अस्वच्छ स्वच्छतागृह दिसल्यास अस्तन्या वर करून ते स्वतः साफ करण्यासही त्यांनी कमी केले नाही, असे त्यांचे सहकारी सांगत. एवढ्या मोठ्या उद्योगपतीने चहाच्या रंगात का लक्ष घालावे, असा प्रश्न कोणी विचारील. पण विमानाचे इंजिन प्रवाशास दिसत नाही. त्याला दिसतो तो समोरचा पेला, खुर्चीवरचा डाग आणि हवाई सुंदरीचा चेहरा. जेथे दिसणारी गोष्ट नीटनेटकी नाही, तेथे न दिसणारी तरी कशावरून नीट असेल, ही शंका त्याच्या मनात येणारच.

१९५४ साली सुपर कॉन्स्टेलेशन विमाने आली आणि बँकॉक, हाँगकाँग, टोकियो, सिंगापूर हे पूर्वेकडील मार्ग खुले झाले. मात्र जे. आर. डीं.च्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी पाऊल त्यानंतरचे. जेट विमानांचे युग उगवत होते. सुपर कॉन्स्टेलेशन नवी होती, उत्तम चालत होती. ती वापरून जुनी होईपर्यंत थांबणे कोणत्याही हिशेबी माणसास पटले असते. जे. आर. डी. थांबले नाहीत. फेब्रुवारी १९६० मध्ये ‘गौरीशंकर’ हे पहिले बोइंग ७०७ विमान ताफ्यात दाखल झाले. जेट विमान घेणारी ती आशियातील पहिली कंपनी ठरली. १४ मे १९६० पासून न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. या विमानांना हिमालयातील शिखरांची नावे देण्यात आली : ‘गौरीशंकर’, ‘नंदादेवी’, ‘अन्नपूर्णा’, ‘कांचनजंगा’.

पंख्याच्या विमानातून जेटमध्ये पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशास पहिला अचंबा वाटे तो शांततेचा. चार इंजिनांची ती अखंड थरथर, जी उतरल्यानंतरही कितीतरी वेळ अंगात राही, ती नाहीशी झाली होती. वेग जवळजवळ दुप्पट झाला, प्रवासाचा काळ त्याच प्रमाणात घटला. एकदा जेटमधून गेलेला प्रवासी पुन्हा जुन्या विमानाचे तिकीट मागेना. हे ओळखूनच जुनी विमाने दुय्यम मार्गांवर रेंगाळत ठेवण्याचा मोह टाळण्यात आला. सुपर कॉन्स्टेलेशन विमाने भारतीय हवाई दलाकडे गेली. जून १९६२ मध्ये केवळ जेट विमाने चालविणारी जगातील पहिली कंपनी होण्याचा मान एअर इंडियाने मिळविला. अमेरिका आणि युरोपातील धनाढ्य कंपन्यांना जे साधले नव्हते, ते एका गरीब, नवस्वतंत्र देशाच्या लहानशा कंपनीने साधले. विमाने थोडी होती म्हणून ते सोपे गेले, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्यही आहे. पण थोड्या विमानांच्या मालकाला चुकीची किंमतही अधिक मोजावी लागते.

२४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ माँ ब्लाँवरच कोसळले. पंधरा वर्षांपूर्वीच्या अपघाताचीच ही भीषण पुनरावृत्ती. ११७ जणांचा बळी गेला, त्यांत भारतीय अणुशक्ती कार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. होमी भाभा होते. भाभा हे जे. आर. डीं.चे आप्त आणि जिवलग मित्र. टाटा मूलभूत संशोधन संस्था या दोघांच्या विचारविनिमयातून उभी राहिली होती. आपल्याच कंपनीच्या विमानात आपलाच मित्र जावा, याहून कठीण प्रसंग कोणता?

१९७१ साली बोइंग ७४७, म्हणजे जम्बो जेट, आले. पहिल्या विमानाचे नाव ‘सम्राट अशोक’. भारतीय हद्दीत शिरताच हवाई दलाच्या दोन मिग विमानांनी त्यास साथ देत मुंबईस आणले. त्याच्या खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांची महिरप रंगविली होती, वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाची बैठक होती. आकाशातील महाल अशीच त्याची जाहिरात झाली. तीनशेंहून अधिक माणसे पोटात घेणारे हे विमान पाहून, एवढे धूड उडते तरी कसे, हा प्रश्न भल्याभल्यांना पडे. आतमध्ये दोन मार्गिका, उंच छत, एखाद्या सभागृहासारखी जागा. परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांकडे प्रथमच निघालेले मध्यमवर्गीय आईवडील याच विमानाने मोठ्या संख्येने प्रवास करू लागले. पूर्वी विमानतळावर निरोप घेणे म्हणजे एका माणसाची पाठवणी असे. जम्बोने ती वरात केली. सामानासाठी ताटकळणे आणि लांबलचक रांगा यांचीही ओळख प्रवाशांना तेव्हाच झाली, हेही सांगितले पाहिजे. शिवाय १९७३ च्या तेलसंकटानंतर एवढी आसने भरणे ही नित्याची चिंता होऊन बसली.

१ जानेवारी १९७८. नववर्षाची पहिली रात्र. दुबईकडे निघालेले ‘सम्राट अशोक’ सांताक्रूझहून उड्डाण करून दोन मिनिटेही होत नाहीत तोच वांद्र्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, एकूण २१३ जण गेले. विमानाचा कल दाखविणाऱ्या एका उपकरणातील बिघाड आणि काळोखात वैमानिकाची झालेली दिशाभूल ही कारणे पुढे आली. ‘मलबार प्रिन्सेस’ हे पहिले कॉन्स्टेलेशन आणि ‘सम्राट अशोक’ हे पहिले जम्बो. ज्या विमानांच्या स्वागताचा सोहळा झाला, त्यांचाच असा शेवट व्हावा! अशा वार्तेने होणारी वेदना आजच्या पिढीसही अपरिचित नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळून विमानातील २४१ जण आणि जमिनीवरील कित्येक जण मृत्युमुखी पडले, तेव्हा सारा देश हळहळला होता.

‘सम्राट अशोक’च्या अपघातानंतर महिना उलटतो न उलटतो तोच, फेब्रुवारी १९७८ मध्ये, मोरारजी देसाई यांच्या सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केले आणि त्या जागी निवृत्त एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांची नेमणूक केली. सरकारचे पत्र हाती येण्यापूर्वीच ही वार्ता त्यांच्या कानी आली होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने टपालाच्या थैल्या मुंबईस आणणाऱ्या माणसाला निरोप देण्याची ही रीत अनेकांना रुचली नाही. एअर इंडियातील ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. जे. आर. डीं.नी मात्र कटुतेचे प्रदर्शन मांडले नाही. १९८० साली इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतले. अध्यक्षपद नव्हे, केवळ सदस्यत्व. तेही त्यांनी निगर्वीपणे पत्करले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली. त्या सुवर्णमहोत्सवासाठी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा कराचीस गेले आणि एका जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून एकटेच मुंबईस निघाले. कराची आता परदेशात होती. अहमदाबादेस मात्र पूर्वीसारखाच थांबा घेतला. जुहूच्या मैदानावर त्यांच्या स्वागतासाठी मोठा जनसमुदाय लोटला होता.

१९९२ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान प्राप्त झाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले आणि पॅरिसमधील पेर लाशेज दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २७ जानेवारी २०२२ रोजी, एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. पुढील वर्षी फेब्रुवारीत तिने एअरबस आणि बोइंग या कंपन्यांकडे मिळून ४७० विमानांची मागणी नोंदविली. त्यांतील पहिले एअरबस ए-३५० विमान जानेवारी २०२४ मध्ये प्रवाशांच्या सेवेत दाखल झाले. त्याच्या शेपटीजवळ नोंदणीची अक्षरे आहेत : व्हीटी-जेआरए.